खालचा आवाज

फिटरकाकांच्या बायकोचा आवाज गेला, तो ती गेल्यानंतर साडेचार महिन्यांनी. एका बुधवारी, दुपारी तीनच्या सुमाराला.

तोवर तो रोज येत होता. काकांच्या बायकोने जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि शेवटची तीन वर्षं घरातल्या मागच्या खोलीत बसून इंटरनेटवर शिलाईचे व्हिडिओ टाकले. कॉलर कशी बसवायची, चेन कशी लावायची, खिसा झोळीसारखा लोंबू नये म्हणून काय करायचं. तिथे सगळे तिला शिलाईमावशी म्हणत. एकूण एकेचाळीस व्हिडिओ होते. पडद्यावर नुसते तिचे हात, कापड आणि मशीन. तोंड कधीच नाही. “तोंड बघून कुणाला काज करता आलंय का?” असं ती म्हणायची. त्यामुळे ती गेल्यावर काकांकडे तिचे फोटो होते थोडेफार, कुणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारे, पण चालतंबोलतं असं जे काही उरलं ते या एकेचाळीस तुकड्यांत.

काका रोज दुपारी तीन वाजता त्यातला एक बघत. क्रमाने. एकेचाळीस संपले की पुन्हा पहिल्यापासून. शिलाईतलं त्यांना काही कळत नव्हतं. ते चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते, त्यातली बरीचशी प्रेसच्या खात्यात, जिथे दिवसभर लोखंडावर लोखंड आदळायचं. डावा कान तिथेच कायमचा गेला आणि उजवा अर्धामुर्धा उरला. टेबलावर लॅपटॉप ठेवायचा, आवाज मोठा करायचा, उजवा कान पुढे करून बसायचं. “आता कापड उलटं करा. घाई करू नका,” बायको सांगायची, आणि काका घाई न करता ऐकत राहायचे.

ती असताना दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती, कानाला यंत्र लावून घ्या म्हणून. काका म्हणायचे, “मला सगळं ऐकू येतं. लोकच पुटपुटतात.” ती गेल्यावर लेक दूरच्या शहरातून आली, बापाला हाताला धरून तपासणीला घेऊन गेली आणि यंत्र ठरवूनच परत गेली. ते यंत्र शेवटी त्या बुधवारच्या आठवड्यात बसलं. बुधवारी सकाळी यंत्रवाला घरी येऊन ते कसं काढायचं, कसं पुसायचं ते दाखवून गेला. जाता जाता त्याची नजर लॅपटॉपवर पडली. म्हणाला, “काका, तुमचा एकच कान चालतो. डावीकडचा आवाज वाया जात असेल. थांबा, दोन्हीकडचं एकत्र करून ठेवतो.” दोन कळा दाबल्या आणि गेला. काकांनी त्याला चहा दिला, आभार मानले.

आणि तीन वाजता आवाज नव्हता.

सतरावा व्हिडिओ होता, बाजूच्या खिशाचा. हात आले, कापड पसरलं, खडूची रेघ ओढली गेली. बायको बोलत असणार, कारण बोट एका जागी दोनदा टेकलं, समजावताना टेकायचं तसं. पण ऐकू काहीच येत नव्हतं. काकांनी कानातलं यंत्र चाचपलं. आवाजाचा काटा शेवटपर्यंत नेला. लॅपटॉप उचलून कानाशी धरला.

तेव्हा फार आतून, भिंतीपलीकडून यावी तशी, मशीनची टकटक ऐकू आली. कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग एक खोकला, लांबलेला. मशीन थांबली. आणि मग कुणीतरी हाक मारली.

“अहो...”

काका उठले. “ओ, आलो,” म्हणाले आणि चार पावलांत मागच्या खोलीच्या दारात पोचले सुद्धा. मशीनवर चादर होती. त्यांनीच घातलेली. खिडकीतून ऊन त्या चादरीवर पडलं होतं आणि स्टूल मशीनच्या खाली सरकवलेलं होतं. ते दारात किती वेळ उभे राहिले ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. बाहेरच्या खोलीत लॅपटॉप चालूच होता. तिकडून पुन्हा हाक आली, आता बरीच मोठी.

“अहो, ऐकलं का?”

मग थोडी शांतता. मग तिचाच आवाज, स्वतःशी बोलल्यासारखा: “असू दे.” आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

भुताखेताच्या गोष्टी करणाऱ्यांची काकांनी कारखान्यात आयुष्यभर चेष्टा केली होती. त्यामुळे त्यांनी आधी फिटरने करायचं ते केलं. दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ लावला. एक सुतार दाराला बिजागरी बसवत होता, त्याचा शब्दन् शब्द खणखणीत येत होता. बातम्या लावल्या, त्या खणखणीत. पुन्हा बायकोचा लावला. हात हलतात, बोट टेकतं आणि आवाज नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी तेच. म्हणजे लॅपटॉप ठीक होता, कान ठीक होता, सगळ्या जगाला आवाज होता, आणि नेमकी तीच तेवढी गप्प झाली होती. गप्प झाली होती म्हणावं, तर हाका मारत होती.

अठराव्यात हाक नव्हती, नुसता खोकला होता. एकोणिसाव्यात दोन हाका. बाविसाव्यात ती हाक मारून बराच वेळ थांबली होती. कापडावर ठेवलेले हात तेवढा वेळ हलत नव्हते. आजवर काकांना वाटायचं, ती इथे काहीतरी समजावते आहे म्हणून हात थांबलेत. आता कळलं, हात वाट बघत होते.

पुढचे दोन दिवस त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. मागच्या खोलीचं दार आधी लावून घेतलं. मग दार लावलेलं असलं की सारखं तिकडेच लक्ष जातं म्हणून उघडलं, आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून खुर्ची लावून ठेवली. नवीन यंत्रामुळे घरातले नको नको ते आवाज कानात शिरत होते. फ्रिज कण्हायचा, नळाचं पाणी ठिबकायचं, वरच्या मजल्यावर कुणीतरी चालायचं. इतकी वर्षं या घरात एवढं सगळं चाललेलं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं त्यांच्या सारखं मनात यायचं. तीन वाजले की ते जिना उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि चार वाजले की वर यायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथे तिशीची एक बाई फोन, लॅपटॉप, रेडिओ, हातात येईल ते दुरुस्त करायची. दुकानाच्या पाटीवर तिने ‘यंत्रांचा दवाखाना’ असं लिहिलं होतं, म्हणून सगळी गल्ली तिला डॉक्टरीण म्हणायची.

“बोला काका, पेशंटला काय होतंय?”

“आवाज येत नाही.”

“कशाचाच?”

“एकाच माणसाचा,” काका म्हणाले.

डॉक्टरणीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. लॅपटॉप उघडला. व्हिडिओखालचं छोटं कर्ण्याचं चिन्ह पाहिलं, त्यावर काट नव्हती. ज्या पानावर व्हिडिओ होता ते पानच कुणी गप्प करून ठेवलंय का ते पाहिलं. आवाज स्पीकरकडे जाण्याऐवजी दुसऱ्याच एखाद्या यंत्राकडे जातोय का ते पाहिलं. हे सगळं ती तोंडाने बोलत करत होती, पेशंटच्या नातेवाइकांना धीर द्यावा तसं. “हे ठीक. हेही ठीक. काका, नव्वद टक्के वेळा यातच असतं बघा.”

“पण यात नाहीये.”

“नाहीये.”

मग तिने सतरावा व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण मोठा केला आणि कान लॅपटॉपजवळ नेला. मशीनची टकटक आली. खोकला आला. काकांनी नजर दाराकडे वळवली, कारण पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक होतं.

“अहो...”

डॉक्टरणीने झटकन मान वर केली. “काका, तुम्हाला कोणी...” एवढं म्हणून ती थांबली. तिच्या हातावर काटा आला होता, तो काकांना दिसला. तेव्हा त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं, कारण मागचे तीन दिवस त्यांना वाटत होतं की हे आपल्या एकट्याच्या कानात चाललंय.

“माझी बायको आहे,” ते म्हणाले. “मार्चमध्ये गेली.”

डॉक्टरणीने व्हिडिओ थांबवला, दोन स्टुलं समोरासमोर ओढली, काकांना बसवलं आणि मग स्वतःच्या फोनवर तोच व्हिडिओ काढून हेडफोन कानाला लावले. तिचा चेहरा बदलला. “येतोय की आवाज! बोलतायत मावशी. स्पष्ट बोलतायत. फक्त...” तिने एक हात स्वतःच्या डोक्यामागे नेला. “फक्त इथून येतोय. मागे उभं राहून बोलल्यासारखा.” तिने हेडफोन फोनपासून सोडवले आणि फोनच्या एकुलत्या स्पीकरवर व्हिडिओ चालू केला. आवाज गायब. मशीनची टकटक तेवढी राहिली. हेडफोन लावले की आवाज हजर. असं तिने चार वेळा केलं. मग “अच्छा!” म्हणून लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “हे कुणी चालू केलं? दोन्हीकडचा आवाज एकत्र?”

“यंत्रवाल्याने. माझ्या भल्यासाठी.”

तिने ते बटण बंद केलं आणि व्हिडिओ लावला. “...तर खिशाचं तोंड आधी दुमडून घ्या. घाई करू नका,” बायको म्हणाली.

काकांनी डोळे मिटून घेतले. खिसा पूर्ण होईपर्यंत डॉक्टरणीने त्यांना हलवलं नाही.

“झालं तरी काय होतं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“मावशींच्या आवाजाला दोन बाजू आहेत, डावी आणि उजवी. डावीकडे आवाज सरळ भरलाय, उजवीकडे तोच, पण उलटा. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही छान. एकत्र केले की एक दुसऱ्याला खाऊन टाकतो.”

“अधिक पाच, उणे पाच.”

“अगदी तेच. शून्य. माइकच्या वायरीत गडबड असली की असं होतं. दोन तारा चुकीच्या जागी जोडल्या गेल्या असणार.”

त्या माइकची पिन सुरुवातीलाच तुटली होती, तेव्हा ती काकांनीच नवी बसवली होती. कथलाचा डाग दिला, वर नळी चढवली, ओढून बघितली आणि बायकोच्या हातात देताना म्हणाले होते, “घे, आता हत्तीने ओढली तरी तुटायची नाही.” तुटली नव्हतीच.

“आणि ते दुसरं?” त्यांनी विचारलं. “हाका?”

“तो खोलीतला आवाज आहे. शिवताना कॅमेऱ्याने घेतलेला. मावशी बोलायच्या ते नंतर, माइकवर, आणि कुणीतरी ते वरून चढवलंय. वरचा आवाज गेला म्हणून खालचा ऐकू आला, एवढंच. आता नाही येणार.”

खरंच आला नाही. घरी येऊन काकांनी एकोणिसावा लावला, मग बाविसावा. बायको बोलत होती, समजावत होती, मधूनच हसत होती. तिच्या बोलण्याखाली कुठेतरी ती स्वतःच हाक मारत होती, आणि आता ते काकांना ठाऊक होतं. एखाद्या लादीखाली पोकळी आहे हे कळल्यावर माणूस त्या लादीवर पाय कसा ठेवतो, तसे ते ऐकत होते. बाविसाव्यात हात थांबले तेव्हा त्यांनी उठून ते बटण पुन्हा चालू केलं. “अहो...” त्यांनी बंद केलं. “...शिवण सरळ येते,” ती म्हणाली.

रविवारी लेकीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा आणि मागे तिचं स्वयंपाकघर. व्हिडिओ जोडायचं काम तीच करायची. आई चित्रण आणि बोलणं वेगवेगळं पाठवायची, लेक ते एकावर एक चढवायची.

“खोलीचा आवाज खाली का ठेवलास?” काकांनी सरळच विचारलं.

लेक म्हणाली, “आईनंच सांगितलं होतं. म्हणाली, नुसतं माझं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं, मशीन थोडी वाजू दे. का?”

“त्यात ती हाका मारते.”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“बाबा, मी ते प्रत्येक वेळी दहा-दहा वेळा ऐकायचे. चौदा व्हिडिओत आहे. आधी मी कापून टाकायचे. मग म्हटलं राहू दे, वरून तिचं बोलणं आहे, कुणाला ऐकू येणार.”

“कशाला मारायची हाक?”

“कधी दोरा ओवून द्या म्हणून. डोळे दुखायचे ना तिचे. शेवटी शेवटी... दम लागायचा तिला. तेव्हा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं,” लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच काकांना जास्त लागलं. “दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मला सगळं ऐकू येतं.”

मग लेक म्हणाली, “बाबा, व्हिडिओखाली लोक काय लिहितात ते कधी वाचलंय?”

काकांनी ते कधी वाचलं नव्हतं. तिथे लोक काही लिहितात हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ते वाचत बसले. चष्मा पुसला, पुन्हा बसले. ‘मावशी, छान समजावता.’ ‘मावशी, माझ्या मोबाइलवर आवाज येत नाही.’ त्याखाली बायकोचं उत्तर: ‘हेडफोन लावून बघ बरं, कितीतरी जणींना तसा येतो.’ अशा तक्रारी पानोपानी होत्या. त्यांनी जोडलेल्या त्या पिनेमुळे तीन वर्षं कितीतरी बायका, ज्यांच्या फोनला एकच स्पीकर होता, नुसते हात बघून शिवत होत्या. आणि बाविसाव्याच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं: ‘मावशी, तुमचं बोलणं ऐकू येत नाही, पण मागून कोणीतरी सारखं अहो अहो म्हणतंय. कोण आहे? कोणी ओ का देत नाही?’

बायकोने उत्तर दिलेलं होतं. तारीख तिच्या जाण्याच्या वर्षभर आधीची.

‘मीच गं ती. ओ देतील की. मला कुठं घाई आहे?’

काकांनी ती ओळ वाचली आणि लॅपटॉपचं झाकण हळूच मिटवलं, आत कुणी झोपलं असावं तसं.

एकेचाळिसाव्या व्हिडिओचं नाव होतं ‘कोटाची बाही, भाग पहिला’. त्याखाली अजूनही माणसं येत होती. ‘दुसरा भाग कधी?’ ‘मावशी, माझा कोट एका बाहीवर अडकलाय हो.’ सगळ्यात ताजं परवाचं होतं. त्या बायकांना ती गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. काकांनी लेकीला दुसऱ्या भागाचं विचारलं. लेक म्हणाली, “दुसरा भाग आहे माझ्याकडे. जायच्या आठ दिवस आधीचा. चित्रण झालंय, बोलणं राहिलं. मला काही तो उघडवला नाही पुन्हा. एकदाच पाहिला.”

“पाठव.”

“बाबा...”

“पाठव गं.”

त्यात वरचा आवाज नव्हताच. खोलीच होती फक्त. बायकोच्या हातात निळसर कापडाची बाही, टाचण्या, मशीन. श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. अकराव्या मिनिटाला हात थांबले.

“अहो...”

काका टेबलाची कड धरून बसले.

“अहो, ऐकलं का?”

आणि मग पावलं वाजली. दार करकरलं. पडद्याच्या कडेला कुणाचा तरी गुडघा आणि चप्पल दिसली. काकांचीच चप्पल. “काय आहे?” काकांचाच आवाज, मोठा, वैतागलेला. “केवढ्याने ओरडतेस! मी काय बहिरा आहे?”

“काही नाही,” ती म्हणाली. “जा तुम्ही.”

गुडघा गेला. दार करकरलं. हात थोडा वेळ तसेच होते, मग त्यांनी टाचणी काढली आणि मशीन सुरू झाली.

यातलं काही म्हणजे काही काकांना आठवत नव्हतं. इतके दिवस ते स्वतःला खात होते की एकदा तरी ओ द्यायला हवी होती. आता पाहिलं तर ओ दिलेली होती, आणि ती अशी. त्या दिवशी ते जेवले नाहीत. अंधार पडायच्या आत दिवे लावले आणि मागच्या खोलीतला दिवासुद्धा.

सकाळी त्यांनी मशीनवरची चादर काढली. निळसर कोट खुंटीला तसाच होता, एक बाही बसलेली, दुसरी नुसती टाचलेली. त्यांनी तो टेबलावर पसरला, जवळ पोलादी पट्टी ठेवली आणि लॅपटॉपवर ते चित्रण लावलं. दहा सेकंद बघायचं, थांबवायचं, कोटावर मोजायचं, वहीत लिहायचं. ‘सुई खाली ठेवून कापड फिरवते. शिवणीला दीड सेंटिमीटर. खांद्यापाशी बाहीला बारीक चुण्या, वरून दिसत नाहीत.’ कारखान्यात यंत्राच्या नकाशावरून सुटा भाग समजून घ्यायची त्यांना सवय होती आणि तिचे हात कुठल्याही नकाशापेक्षा नीट बोलत होते. दर वेळी अकरावं मिनिट यायचंच. पहिले दोन दिवस ते त्या जागी उठून पाणी प्यायला जायचे. मग बसून राहायला लागले. आठवड्याने वही भरली.

मग त्यांनी माइकची पिन काढली आणि तारा जागच्या जागी लावून पुन्हा डाग दिला. दुपारी तीन वाजता, मागच्या खोलीत, स्टुलावर बसून त्यांनी रेकॉर्डर चालू केला.

“नमस्कार. शिलाईमावशी आता नाहीत. मार्चमध्ये गेल्या. मी त्यांच्या घरातला. मला शिवता येत नाही, पण हात त्यांचेच आहेत, मी फक्त ते काय करतायत ते सांगतो.”

ते सांगत गेले. चार वेळा चुकले, चार वेळा पहिल्यापासून केलं. अकरावं मिनिट आलं की बोलणं थांबवायचं, हाक, पावलं, तो वैतागलेला आवाज, सगळं होऊ द्यायचं आणि मग पुढचं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. लेकीने विचारलं, “बाबा, ते कापू ना मी?” काका म्हणाले, “नको. पण तू नको जोडूस ते. डॉक्टरीण जोडेल.” लेकीला पुन्हा ऐकायला लावणं त्यांच्याने होईना.

डॉक्टरणीने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि हेडफोन लावून काम केलं. काका समोरच्या स्टुलावर बसून होते. जुन्या एकेचाळीस व्हिडिओंचे आवाजही ती सरळ करून पुन्हा चढवणार होती, म्हणजे कुठल्याही फोनवर मावशी बोलतील. अकराव्या मिनिटाला तिचा हात थांबला. तिने ती जागा पुन्हा ऐकली. मग पुन्हा.

“काका, हे शेवटचंही ठेवायचं?”

“कुठलं शेवटचं?”

“तुम्ही दारातून गेल्यावर मावशी बोलतात ते.”

“त्यानंतर ती काही बोलत नाही. मशीनच सुरू करते.”

डॉक्टरीण त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने हेडफोन काढून त्यांच्या उजव्या कानावर धरले, यंत्राच्या वर, आणि आवाज जाईल तेवढा मोठा केला. काकांना दार ऐकू आलं. श्वास ऐकू आला. मग कापडासारखं काहीतरी सळसळलं आणि मशीन इतक्या जोरात वाजली की त्यांनी डोकं मागे घेतलं.

“आलं?”

“नाही.”

तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. “काय म्हणते ती?” काकांनी विचारलं.

डॉक्टरणीने चष्मा काढून पदरासारख्या ओढलेल्या ओढणीच्या टोकाने पुसला. मग खालच्या आवाजात, पण काकांच्या यंत्राला कळेल इतपत स्पष्ट, ती म्हणाली:

“म्हणतात, ‘आले तर खरे.’”

काकांनी मान हलवली. म्हणाले, “ठेव ते.”

व्हिडिओ गेला. खाली लोकांनी खूप काही लिहिलं, कितीतरी बायकांनी रडल्याचं लिहिलं, आणि एकीने विचारलं की काका, दुसऱ्या बाहीच्या चुण्या पुढे जास्त की मागे. काकांनी कोट बघून उत्तर दिलं.

ती जागा ते अजून ऐकतात. यंत्र पूर्ण वाढवून, खिडक्या लावून, फ्रिज बंद करून. दार येतं, श्वास येतो, सळसळ येते. त्या सळसळीत शब्द आहेत की डॉक्टरणीने एका म्हाताऱ्या माणसाची दया येऊन ते घातलेत, हे त्यांच्या कानाला ठरवता आलेलं नाही. लेकीला विचारलं तर ती एका मिनिटात सांगेल. तिने ते चित्रण पाहिलेलं आहे आणि तिचे दोन्ही कान चांगले आहेत. दर रविवारी तिचा फोन येतो. काका तिला तब्येत विचारतात, तिकडची हवा विचारतात, आणि फोन ठेवतात.